खुलाशातला शब्द

मुरलीधरने ‘दिशाभूल करणारी’ असं टाइप केलं आणि चहाचा कप पुढे ओढला. एका परदेशी वृत्तसंस्थेने सकाळी बातमी दिली होती : सीमेजवळच्या तळावर हल्ला, अकरा जवान ठार. चारच्या आत खुलासा जायला हवा होता.

दिल्लीच्या या सरकारी कक्षात तो सतरा वर्षं परदेशी वार्ताहरांसाठी खुलासे लिहीत होता, आणि त्याचं स्वतःचं एक माप ठरलेलं होतं. बातमी साफ खोटी असली तर ‘निराधार’. अर्धी खरी असली तर ‘खोडसाळ’. पुरती खरी असली तर ‘दिशाभूल करणारी’. वार्ताहरांना हे कधी उमगलं नाही. गुरुग्रामला बहिणीकडे श्रीखंड चापताना मात्र त्याने ते फुशारकीने सांगून टाकलं होतं.

समोर तळाकडून आलेली दोन पानं होती. पहिल्यावर आकडा, दुसऱ्यावर नावं. दुसरं त्याने उघडलं नव्हतं. त्याचा भाचा शार्दूल त्याच तळावर होता. शिवाय खुलाशाला आकडा पुरतो.

फोन वाजला. लतिकाताई.

“मुरली, शार्दूलचा फोन लागत नाहीये रे. कालपासून.”

“ताई, मला काही सांगता येत नाही. माहितीये ना तुला.”

“बातमीचं नकोच सांगू. शब्द सांग. कोणता घातलास?”

त्याचा हात पानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. त्याने पडद्यावरचे शब्द खोडले, नवा टाइप केला.

“निराधार.”

“नक्की?”

“समोर लिहिलाय. बघायला ये हवं तर.”

ताई हसली की रडली, कळलं नाही.

“थांब, समोरच्या फ्लॅटमधल्या वैभवीलाही सांगते. तिचा नवरा प्रतीक तिथंच आहे. कालपासून पोरीने अन्नाला हात लावला नाहीये.”

“तिला कशाला—”

फोन बंद झाला होता.

साहेबांनी खुलासा वाचला.

“बढिया शब्द है, मुरलीधरजी. हर बार यही लिखा कीजिए.”

खुलासा गेला. मग त्याने दुसरं पान उलटलं. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. शार्दूल नव्हता. त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. तेव्हा कुठे चौथी ओळ नीट दिसली : प्रतीक. पुढे, पत्नी वैभवी, गुरुग्राम.

मोबाइल उजळला. ताईने फोटो पाठवला होता. ताटावर बसलेली वैभवी, हातात घास.

खाली लिहिलं होतं : ‘जेवतेय बघ. तुझ्यामुळे.’