तापाचा खिळा

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. माणसाच्या उंचीची, दोन मुठींची, दोघांनी मिळून ओढायची. भिंगारला कृपादानच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असते. माझा एक दात नाही. तो कसा गेला, तेवढं ऐका.

महायुद्धाच्या दिवसांत मी तिथल्या एका वखारीत होते. लष्कराला दारूगोळ्याच्या पेट्या हव्या होत्या, कितीही द्या, पुरत नसत. अकोले तालुक्यातल्या डोंगरांतला साग यायचा, माळावरची बाभूळ यायची, गावागावांतले कडुलिंब आडवे होऊन गाड्यांवरून यायचे. सगळे मीच चिरले. किती पारांची सावली मी खाल्ली, देव जाणे.

ओंडका खड्ड्यावर आडवा टाकत. वर कृपादान उभा, खाली खड्ड्यात बन्सी. वरच्याने रेघेवर नजर ठेवायची, खालच्याने डोळे मिटून ओढायचं, कारण भुसा सगळा त्याच्याच तोंडावर. कृपादान रविवारी ख्रिस्ती देवळात चिपळ्या घेऊन येशूचं कीर्तन करायचा. खड्ड्यावरही तो पद म्हणे, आणि आवाज वरून आला की खाली बन्सी ओढ घेई. युद्धाच्या आधीपासून दहा वर्षं असंच. त्या लयीत मला वाटे, मीही कीर्तनालाच उभी आहे.

एके सकाळी बन्सीच्या गावचा जुना लिंब आला. बन्सीने साल चाचपली आणि मागे सरला. त्याच्या गावात कुणाला ताप भरला की त्या लिंबात खिळा ठोकत. ताप झाडाला जातो, अशी समजूत. लहानपणी बन्सी फणफणला, तेव्हा त्याच्या आईने, साळूबाईने, असाच एक ठोकला होता. आता त्या सगळ्या खिळ्यांवर साल चढलेली. कुठे काय दडलंय, दिसेना. आधी तासून बघू, मग चिरू, असं त्याने मुकादम आप्पासाहेबाला विनवलं.

तासण्यात दिवस गेला असता. मुकादम हसला.

"तुझ्या आयशीनं ठोकलेला ताप अजून उतरला न्हाई व्हय रं?"

आणि त्याने बन्सीच्या कमरेत लाथ घातली. बन्सी खड्ड्यात कोसळला. कृपादानने सगळं पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. खाली मान घालून माझी मूठ धरली.

दहा-बारा ओढी नीट गेल्या. मग लोखंडाला लोखंड भिडलं. मी किंचाळले. दात तुटून खाली उडाला तो थेट बन्सीच्या डाव्या डोळ्यात, मिटलेली पापणी फाडून. भुसा लाल झाला.

कृपादानने मला ओंडक्यातून उपसून बाजूला टाकलं आणि बन्सीला वर घेतलं. तोवर मुकादम धावून आला. करवत मोडली म्हणून त्याने, रक्ताने काही दिसेनासं झालेल्या बन्सीला केसांनी धरून लोळवलं आणि काठीने झोडपायला लागला. पाठ फुटली, काठीही फुटली. चाचपडता चाचपडता बन्सीचा हात माझ्यावर पडला. पुढच्या क्षणी मुकादम उताणा होता, बन्सीचा गुडघा त्याच्या छातीवर, आणि माझे दात त्याच्या गळ्यावर. कातडी फाटली, रक्त आलं. आजवर मी झाडंच चिरली होती.

कृपादान धावला. माझ्या आणि त्या गळ्याच्या मध्ये त्याने आपला उजवा हात घातला.

"बन्सी, ओढू नको. मधी माझा हात हाय."

वरून तो आवाज आला आणि बन्सीने ओढलं. राग होता की दहा वर्षांची सवय, ते मलाही कळलं नाही, आणि मी तर त्याच्याच हातात होते. कृपादानची दोन बोटं मातीत पडली.

मुकादम वाचला. आपली लाथ आणि काठी उघडी पडेल म्हणून गळ्यावर वण घेऊन तो गप्प राहिला. इस्पितळात कृपादानने सांगितलं, बोटं कामात गेली. मला मात्र त्याने घरी आणलं, पुन्हा कधी चालवलं नाही.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. बरा झाल्यावर पहिल्या रविवारी तो कीर्तनाला उभा राहिला. चिपळ्या हातात बसेनात, दोनदा खाली पडल्या. शेवटच्या रांगेतून डोळ्याला पट्टी बांधलेला बन्सी उठून पुढे आला. त्याने चिपळ्या उचलल्या.

"दादा, तुमी म्हना. मी वाजवितो."

"म्या तवाच बोलाया हवं हुतं, लेका," कृपादान म्हणाला आणि मग गाऊ लागला.

मित्रांनो, झाडाला खिळा मारू नका. झाड तो पोटात घेतं, विसरत मात्र नाही. आणि खड्ड्यातला माणूस थांबा म्हणाला, तर वरच्याने थांबावं. माझ्यासारख्या जुन्या हत्यारालाही कधी तेलाचा हात लावा. मला तो बन्सी लावतो, दर शनिवारी. तुटलेल्या दाताच्या जागी त्याचं बोट जरा अडतं, मग पुढे सरकतं.