उताणी चालणारी अळी

कल्याणप्पांनी औषधाचा पंप पाठीवर चढवला, तेव्हा गिरिजाबाईंची लिंगपूजा नुकती आटोपली होती. सोमवारचा उपास होता, पण भुकेची आठवण कुणाला? उकिरड्यात हुमणी निघाली होती.

निदान शेजारचे चन्नबसप्पा तरी तसं सांगून गेले होते. फावडं मारावं तिथं बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या. यंदाही रानात हुमणीनं सोयाबीनची मुळं कुरतडून ओळीच्या ओळी वाळवल्या होत्या. हे खत द्राक्षाच्या बुडात गेलं तर बाग बसलीच म्हणून समजा, असं चन्नबसप्पा म्हणाले आणि कल्याणप्पांच्या मनानं तेच घेतलं. सगळ्या उकिरड्यावर औषध मारायचं आणि खत ओढ्याकाठी फेकून द्यायचं.

 वर्षभर दोन गायींचं शेण पाटीपाटीनं वाहून गिरिजाबाईंनी तो उकिरडा भरला होता. बागेची छाटणी पंधरा दिवसांवर आलेली, त्याआधी खत घालायचं. दुसरं खत आणायचं कुठून?

तेवढ्यात त्यांची सून शिवरंजनी जवळ आली. लग्नाला तीन महिने झालेले, सोलापूरला प्राणिशास्त्र शिकलेली पोर. सासूच्या कानाशी लागून ती म्हणाली की ही हुमणी नसावी. फुलांवर बसणारा चकचकीत भुंगा असतो ना, त्याची अळी दिसते आहे. ती जिवंत मुळाला तोंड लावत नाही, कुजलेलं खाते, उलट खताचा भुगा करून देते. मोठेपणी हुमणीचा भुंगेरा कडुनिंबाचा पाला ओरबाडतो आणि हा फुलातला मध-पराग खातो.

"मग दोघी एकसारख्या कशा ग?"

"कूळ एकच आहे, आत्या. आतली शाखा वेगळी."

कल्याणप्पांनी ऐकलं. "माणसात कमी हायत व्हय, आता किड्यातबी पोटजाती काढल्या सूनबाईनं," असं म्हणून ते हसले आणि पंपाची दांडी हलवू लागले.

गिरिजाबाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. त्या नवऱ्याच्या आणि उकिरड्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "अवो, मारा औषध. पण आधी ओळख तर पटू द्या. फुकट जीव कशाला घ्यायचा?"

सपाट जागेवर ठेवली की चालीवरून ओळखता येते, असं शिवरंजनीनं सांगितलं. कल्याणप्पाही इरेला पेटले. ते तसेच रानात गेले, वाळलेल्या सोयाबीनचं रोप मुळासकट उपटून खालची अळी घेऊन आले. चन्नबसप्पाही मागोमाग आले, सुनेची फजिती बघायला.

शिवरंजनीनं परात पालथी घातली. तिच्या बुडावर एका बाजूला रानातली अळी, दुसऱ्या बाजूला उकिरड्यातली. दोघी मुटकुळं करून गप्प पडल्या.

"ह्यात काय फरक हाय?" चन्नबसप्पा म्हणाले. "जुळ्या भैणी हायत."

रानातली आधी हलली. सहा पाय टेकवत, जड बूड ओढत, कुशीवर कलंडत कशीबशी सरकली. उकिरड्यातली अजून मुटकुळं करूनच पडलेली.   मग त्या अळीनं अंग सैल सोडलं, चक्क उताणी झाली, सहाही पाय आभाळाकडं करून पाठीवरच्या राठ केसांनी सरसर निघाली. बघता बघता परातीच्या काठाशी पोहोचली.

"आई ग, पाठीवर चालती की ही," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि आनंदानं त्यांनी सुनेचा दंड असा दाबला की ती कळवळली.

कल्याणप्पा उकिडवे बसले. पंप पाठीवर तसाच. त्यांनी अळी उचलून सरळ ठेवली, ती पुन्हा उताणी. काडीनं पालथी केली, पुन्हा उताणी.

"एकीवरून काय ठरतंय," चन्नबसप्पा म्हणाले.

"मग समद्याच चालवू," कल्याणप्पांनी पंप उतरवून भिंतीला लावला. "उताणी जाईल ती खतात परत. बाकीच्या माझ्याकडं."

दुपारभर चौघं परातीभोवती बसले. पाटीमागून पाटी आली. गिरिजाबाई अळ्या इतक्या हळुवार उचलत होत्या, जणू पूजेची फुलंच. दोनशेच्या वर उताण्या गेल्या, तीन तेवढ्या पायांवर सरकल्या. त्या कल्याणप्पांनी रॉकेलच्या डब्यात टाकल्या.

"सूनबाई, माझी बघ की," चन्नबसप्पा बोलावत होते. "नुसतीच पडलीया. हुमणी हाय का झोपाळू?"

"थांबा काका," शिवरंजनी म्हणाली, "तिला जरा वेळ द्या."

चौघांचीही डोकी परातीवर वाकली.