बाबांच्या नंबरवर येणारा ओटीपी

कोणत्या खात्याने न विचारता कोणतं सॉफ्टवेअर घेतलंय ते शोधायचं, आणि एकतर ते रीतसर कंपनीच्या नावावर करायचं, नाहीतर बंद करायचं, हे माझं काम आहे. आमची कंपनी स्टीलची भांडी बनवते. भाईंदर पूर्वेला खाली कारखाना, वर ऑफिस. बाबा निवृत्त होईपर्यंत इथेच डिस्पॅचला होते. माझ्या कामाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"संपदाच्या मंजुरीची वाट बघितली तर भांड्यांना गंज चढेल."

"स्टीलच्या?"

"स्टीलच्याच."

बाबांचे दिवस उरकून मी कामावर परत आले, तेव्हा लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मी सगळ्यांना बरं, ठीक आहे, असं म्हणत होते. घरी, जेसल पार्कला, आता आई आणि मी दोघीच. आईचं बोलणं थांबलं होतं. रुसल्यासारखं नाही. विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची, ताट वाढायची, आणि बाबांचा मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याजवळ बसायची. मला वाटायचं, बसू दे.

शुक्रवारपर्यंत परस्पर घेतलेलं सगळं कळवा, त्यानंतर बंद होईल, अशी नोटीस मी काढली होती. डिस्पॅचकडून उत्तर आलं होतं, आमच्याकडे काही नाही. म्हणून खाली गेले. तिथे आता परेश आहे. जवळच्या तारोडी गावचा, बाबांच्या हाताखाली तयार झालेला. त्याच्या स्क्रीनवर नकाशा होता आणि नकाशावर आमच्या गाड्या सरकत होत्या.

"हे काय आहे?"

"काय न्हाय, ताई."

"नकाशा दिसतोय, परेश."

"मग नकाशाच हाय."

खातं कुणाच्या नावावर आहे ते बघायला मी माउस हातात घेतला आणि चुकून बाहेर पडायचं बटण दाबलं. नकाशा गेला. परेशने कपाळाला हात लावला.

"आता परत ओटीपी लागंल."

"मग घे."

तो खुर्चीत चुळबुळला. मग सगळं सांगितलं. हे सॉफ्टवेअर बाबांनीच घेतलं होतं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. रोज सकाळी उघडताना ओटीपी त्या नंबरवर जायचा. निवृत्त झाल्यावरही बाबा घरून फोनवर तो वाचून दाखवायचे. मला आठवलं. बाबा सकाळी बाल्कनीत जायचे, मागे दार लोटून घ्यायचे आणि कुणाला तरी आकडे सांगायचे. "या वयात मटका लागलाय तुझ्या बापाला," असं आई म्हणायची.

"आणि आता कोण सांगतं?"

परेशने फोन लावून टेबलावर ठेवला. त्यावर 'काका' असं नाव होतं. स्पीकरमधून आईचा आवाज आला.

"काय रे, आज दुसऱ्यांदा?"

"बंद पडलं, काकी."

"थांब, चष्मा घेते. पेन आहे का?"

"हाय."

"खोटं नको बोलूस. आधी पेन घे."

त्याच्याकडे खरंच पेन नव्हतं. मी माझं दिलं. आईने एकेक आकडा सांगितला, मध्ये श्वास घेत.

"नाशिकची गाडी लागली का?"

"लागली."

"ड्रायव्हरला म्हणावं, जेवून निघ. परवा पण तसाच गेला म्हणालास."

फोन बंद झाला. नकाशा परत आला.

"राहू द्या ना, ताई," परेश म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

मी त्याला सांगितलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, ड्रायव्हरांचे नंबर, सगळं एका गेलेल्या माणसाच्या खात्यात आहे. उद्या ते सिम बंद झालं की एकही गाडी दिसणार नाही. सगळ्या खात्यांना सांगते त्याच आवाजात सांगितलं.

"काकी वाट बघतात," तो म्हणाला.

"ते आत्ता कळलं मला."

मी वर जाऊन मंजुरीचा अर्ज केला. मंजुरी देणारीही मीच. त्याच दिवशी झालं.

शुक्रवारी खातं कंपनीच्या नावावर घेतलं. नंबर बदलायला जुन्या नंबरवर शेवटचा ओटीपी जाणार होता. परेश म्हणाला, फोन तुम्ही लावा. मी म्हटलं, तूच लाव. माझ्याशी ती इतकं बोलली नसती.

"परेश, आज वेगळंच लिहून आलंय," आई म्हणाली. "नंबर बदलण्यासाठी, म्हणे."

परेश माझ्याकडे बघत राहिला.

"हो, काकी."

"कोण बदलतंय?"

"ताई."

पलीकडे घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई म्हणाली, "घे लिहून." पेन आहे का, ते विचारलं नाही. गाडीचंही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबांचा मोबाइल बंद करून फळीवर ठेवलेला होता. चार्जरची वायर गुंडाळलेली. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसले.

"उद्यापासून आकडे कुणाकडे येणार?" आईने विचारलं.

"माझ्याकडे."

"त्याला आधी पेन घ्यायला लाव. तोवर आकडा सांगायचा नाही."

"बरं."

"तुझे बाबा दोन-दोन आकडे एकदम सांगायचे, मग तो गोंधळायचा. तू एकेक सांग."

"एकेक सांगते."

तिने निवडलेली पानं चाळणीत टाकली.

"नाशिकच्या गाडीचं विचार. आणि मला येऊन सांग."

मी हो म्हटलं, आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.