अर्धा सूर खाली

गिटारवाल्याने बायकोशी आयुष्यात एकच लबाडी केली. पण केली ती वर्षानुवर्षं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

ती गायची, हा वाजवायचा. लग्नाच्या आधीपासून हेच चाललेलं. कार्यक्रम ठरवणारे दोघांतल्या एकालाच फोन करत, कारण दुसरं शेजारीच बसलेलं असे. भांडणं व्हायची ती कमी पडलेल्या मिठावरून, नाहीतर उघड्या राहिलेल्या खिडकीवरून. गाण्यावरून कधीच नाही. तिने कुठे श्वास घ्यायचा हे त्याच्या बोटांना आधी कळायचं, असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

एका हिवाळ्यात तिचा घसा बसला. बरी झाल्यावरच्या पहिल्याच कार्यक्रमात, तिच्या सगळ्यात लाडक्या गाण्यात, वरच्या सुरावर आवाज चिरकला. क्षणभरच. पण पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते पाहणं नेमकं याला दिसलं. घरी परतताना ती गाडीत अवाक्षर बोलली नाही. ही आता गाणं सोडणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

पुढच्या वेळी त्याने गुपचूप सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. बोटं गिटारच्या त्याच पडद्यांवर, गाणं तेच. फक्त सगळंच जरा खाली. ती आरामात गायली, टाळ्या पडल्या, आणि पडदा पडल्यावर तिने त्याचा हात दाबला. झालं! लबाडीची चटक लागायला माणसाला आणखी काय हवं? एक-दोन वर्षांनी ती जरा दमल्यासारखी वाटली, तशी त्याने तारा आणखी अर्धा सूर उतरवल्या. सैल तारा करकरतात, म्हणून जाड तारा आणल्या आणि पहिल्यासारख्या हल्ली मिळतच नाहीत असं ठोकून दिलं. कोणी म्हणालं, सोबत एखादा बासरीवाला घेऊ, की हा नाक मुरडायचा: गर्दी होते. खरी भीती बासरीच्या न उतरणाऱ्या सुराची. लोक त्याला खडूस म्हणू लागले. त्याने तेही गोड मानून घेतलं.

मग मेव्हणी आली. ती एका सभागृहाच्या कार्यक्रमांचं काम बघायची. या दोघांच्या सन्मानाची एक संध्याकाळ तिने ठरवून टाकली होती, आणि ते लाडकं गाणं या वेळी सभागृहाच्या नव्या पियानोबरोबर व्हायचं होतं. याने तोंड उघडायच्या आत बायकोने हो म्हटलं. भावजी, तुम्हाला कोणी काढून टाकत नाहीये, एवढं तोंड पाडू नका, म्हणून मेव्हणीने वर चिडवलं. तो कसनुसा हसला. पियानो काही त्याच्या ताटाखालचं मांजर नव्हता. तो आपल्या मूळ सुरात वाजणार, आणि बायकोला एका झटक्यात दोन गोष्टी कळणार: आपला आवाज उतरलाय, आणि नवऱ्याने आपल्याला इतकी वर्षं फसवलंय.

बोट मुरगळल्याचं सोंग करावं, इथपर्यंत त्याची मजल गेली. पण तालमीच्या दुपारी, पियानोवाली अजून यायची होती तेव्हा, रिकाम्या खुर्च्यांसमोर त्याचा धीर सुटला.

"अगं, माझ्या तारा खाली आहेत," तो म्हणाला. "पुरा एक सूर. त्या हिवाळ्यापासून उतरवत आलोय."

ती पियानोशी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"माहीत आहे. गळा माझा आहे ना? त्याला कळणार नाही होय?"

मग तिने सांगितलं ते असं, की तिला वाटलं, याचे कान गेले. पेपर वाचताना तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा. वाजवणाऱ्याला तुझे कान गेले म्हणून कसं सांगायचं? म्हणून तो जिथे नेईल तिथून ती गात राहिली. इतर वादकांनी गायला बोलावलं तर नाही म्हणाली. न जाणो, कोणीतरी याच्याबद्दल काही बोलून जायचं.

"आणि तुझा आवाज?"

"घसा बसला होता हो, दुसरं काय? नंतर सुटला. तुम्ही बाहेर गेलात की मी वरचा सूर लावून बघायचे. छान जायचा."

वेडा माणूस, आधी त्याला आनंदच झाला. आवाज गेलाच नव्हता! त्याने पियानोची पट्टी दाबून एकेक तार वर चढवली. जाड तारा, खुंट्या कुरकुरल्या. त्याने सुरुवात केली आणि ती गायला लागली. मधलं सगळं नीट झालं. वरच्या सुराशी तिने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. चिरकलाही नाही, नुसता वारा. तिने पुन्हा लावून पाहिला. पुन्हा तेच. घरी वरचा सूर लावून बघणं तिने कधी सोडलं, ते तिलाही आठवेना.

"मी घालवला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"एकट्याने नाही." ती खुर्चीवर बसली. "इतक्या वर्षांत आपण एकमेकांना एक शब्द विचारला नाही. आणि लोक याच प्रेमाला टाळ्या द्यायला येणार आहेत."

तेवढ्यात पियानोवाली आली, हात चोळत पियानोशी बसली आणि कुठून घ्यायचं म्हणून विचारलं.

"एक सूर खाली," बायको म्हणाली.

तो मान खाली घालून तारा उतरवू लागला. ती समोर बसून शेवटच्या तारेपर्यंत बघत राहिली.