दांडीवरची तुळशीमाळ

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. चारही चाकांनी ओढायचं म्हणून मला घडवलं. आज मी दोन चाकांवर चालते, आणि चिखल दिसला की तीही जागच्या जागी फिरतात. आसगावात कैलाशच्या अंगणात, चिंचेखाली मी उभी असते. माझं बोलणं केविलवाणं वाटलं तर राग मानू नका. जिच्या मांडीवर घरची माय विषानं जड होत गेली आणि जिला हातभरही पुढे सरकता आलं नाही, ती गाडी दुसऱ्या कोणत्या आवाजात बोलणार?

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्रा, स्प्रिंगचे जाड पाटे, डिझेलचं इंजिन. उमेदीची वर्षं कालव्याच्या कामावर गेली. मग लिलावात मला कैलाशच्या बापानं, तुलारामनं, घेतलं. माझ्या पोटात दोन दांड्या आहेत. मोठी गिअरची. तिच्या शेजारची छोटी पुढे लोटली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. माझी सगळी अब्रू त्या छोट्या दांडीत.

तुलाराम धानाचा शेतकरी, पण जीव कीर्तनात. कोणत्या गावी सप्ताह आहे हे त्याला वाऱ्यावरून कळायचं. मृदंग, पेटी, टाळांची पिशवी आणि पवनीच्या केशरबाई कीर्तनकार, सगळ्यांना मागच्या बाकड्यांवर बसवून तो निघायचा. एकदा दिघोरीला काल्याच्या दिवशी असा पाऊस झाला की बाकीच्या गाड्या नाल्याअलीकडेच थांबल्या. तुलारामनं छोटी दांडी पुढे लोटली, "विठ्ठल" म्हटलं, आणि मी चारही पायांनी तो गाळ चढून गेले. पदराला चिखल तसाच घेऊन केशरबाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दृष्टांत दिला: देवळातली घंटा रोज लख्ख पुसली आणि कधी वाजवलीच नाही, तर ती घंटा कसली, आणि ती पुसणं तरी कसलं?

लोकांनी तो दृष्टांत मनासाठी घेतला. तुलारामनं माझ्यासाठीही घेतला.

तेव्हापासून दर एकादशीला, गरज असो वा नसो, तो मला वैनगंगेच्या ओल्या वाळूत न्यायचा. छोटी दांडी पुढे, मागे, पुन्हा पुढे. घरी आला की माझ्याखाली पोतं अंथरून ग्रीस भरायचा. त्याची बायको शकुंतलाबाई भगर वाढायला थांबलेली असायची. ती म्हणायची, देवाच्या दिवशी बी तुम्हाले गाडीच दिसते. तो हसून म्हणायचा, "एकादशीले माणसाच्या पोटाले आराम, अन् गाडीच्या पुढच्या चाकायले काम."

त्याच सुमारास गावातल्या टेकचंदनंही एक जुनी गाडी आणली. हिरवी, हलकी, पेट्रोलवरची, जंगलाच्या कामावरून निघालेली. तिलाही अशीच छोटी दांडी. टेकचंद तुलारामला भाऊ मानायचा. तिची निगा कशी राखू हे त्यानं त्यालाच विचारलं. तुलारामनं त्याला एकादशी धरायला लावली. टेकचंद उपास काही धरत नसे, पण गाडीची एकादशी त्यानं धरली.

मग एका हिवाळ्यात तुलाराम गेला. छातीत कळ आली आणि पहाटेच्या काकड्याआधीच सारं संपलं.

आता ऐका, मित्रांनो, प्रेमानं काय केलं ते. तेराव्याला शकुंतलाबाई अंगणात आली. नवऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ तिच्या हातात होती. ती माझ्यात बसली, छोट्या दांडीवर हात ठेवून खूप वेळ रडली, आणि ती माळ तिथंच बांधली. त्याचा तळवा नेहमी तिथंच असायचा ना. त्या दिवसापासून दांडीला हात लावायची सोय राहिली नाही. कैलाश मला चालवायचा, पण मोठ्या दांडीवरच. आणि एकादशी आली की शकुंतलाबाई दांडीला कुंकू लावायची, फूल वाहायची, वाटीभर दूध आणि पाणी मुळाशी सोडायची. ते रबराच्या फटीतून खाली झिरपायचं. वर उदबत्तीचा वास आणि आत गंज. मला ओरडावंसं वाटे. अगं माय, मी देव नाही, मी लोखंड आहे! पण मला फक्त हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्यानं दाबल्याशिवाय वाजत नाही.

चहाच्या टपरीवर मात्र माझाच बोलबाला. कोणती गाडी टिकाऊ, यावर रोज वाद. हिरवी एका चावीत सुरू होते पण पेट्रोल पिते आणि सामानासाठी नागपूर गाठावं लागतं. जीप थंडीत खोकते पण तिचं सामान भंगारातही सापडतं, असा हिशेब लोक मांडत. कैलाश म्हणायचा, "काका, तुमची गाडी जवा पाहावं तवा खोलूनच पडली राह्यते. आमच्या जीपले कधी पाना लागला का?" लोक हसायचे. टेकचंद हाताचं काळं ग्रीस चड्डीला पुसत म्हणायचा, "नाही लागला, तेच त भेव वाटून राहिलं बाबू." तेव्हाही लोक हसायचे. जी गाडी उघडली जाते ती बिघडलेली, असं माणसांना वाटतं.

आणि मग यंदाचा रोवणा, धानाची लावणी, आली. बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, पाणी, बाया ओळीनं वाकलेल्या, गाणं चाललेलं. दुपारी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रोपांचे परे उचलताना शकुंतलाबाईच्या पायाला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं बाया तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. तिथवर पांदण, शेतातली गाडीवाट, आणि पांदणीत नुसता गाळ. कैलाशनं मला शेताशी आणलंच होतं. त्यानं मायला मागच्या बाकड्यावर निजवलं, पाय हलू दिला नाही, आणि निघाला.

अर्ध्या पांदणीत माझी मागची चाकं रुतली. तो दाबत गेला, मी खाली जात राहिले. मागे तिच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. कैलाशचा हात छोट्या दांडीजवळ गेला आणि माळेपाशी थांबला.

ती तशा अवस्थेतही पाहत होती. जड जिभेनं बोलली, "काढ ते माळ. काहून पाहून राहिला? काढ."

त्यानं माळ काढून तिच्या हातात दिली आणि दांडी पुढे लोटली. हलली नाही. दोन्ही हातांनी लोटली. पाय लावून लोटली. तुलारामचा मुलगा रडत रडत मला लाथा घालत होता, आणि मी माझी सगळी ताकद एकवटून आत गंजाशी भांडत होते. पांडुरंगा, एकदा, फक्त एकदा ती पुढे जाऊ दे, मग मला भंगारात घाल! नाही गेली.

मग कैलाश ज्याला रोज हसायचा, त्यालाच त्यानं फोन लावला. बाया खाट आणायला धावल्या होत्या, पण खाटेआधी हिरवी आली. टेकचंदनं वाटेतच छोटी दांडी पुढे लोटलेली. बांधीच्या कडेनं, चारही चाकांनी गाळ उडवत ती माझ्याशेजारून वळली. त्यांनी शकुंतलाबाईला उचलून तिच्यात ठेवलं. मी तिथंच राहिले. माझ्या बाकड्यावर तिच्या ओल्या लुगड्याचा डाग होता. ती जगते की जाते, हे मला अंधार पडेपर्यंत कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार गाडीला?

ती जगली. पायाची जखम अजून भरते आहे. घरी आल्यावर तिनं टेकचंदला जेवायला बोलावलं आणि विचारलं, सारे चिखलात फसतात, तुमचीच गाडी कशी काय चालली? तो ताटाकडे पाहत म्हणाला, "वहिनी, तुलारामभाऊनं एकादशी सांगितली होती. मी सोडली नाही."

शकुंतलाबाईनं त्याच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "त्यायची माळ मी ठेवली. एकादशी तुम्ही ठेवली."

आज एकादशी आहे. माळ आता तिच्या गळ्यात आहे. लंगडत ती अंगणात आली, वाटीतून दांडीच्या मुळाशी रॉकेल सोडलं आणि दोन्ही हातांनी दांडी लोटली. हलली नाही. कैलाश खाली पोतं अंथरून पाना घेऊन शिरला आहे. मिस्त्री म्हणतो, आतलं गंजानं खाल्लं गेलं असेल तर आशा धरू नका.

मित्रांनो, तुमच्या घरातही तुमच्या माणसानं हाताळलेलं काहीतरी असेल. त्याला फूल वाहा, मी नाही म्हणत नाही. पण त्याला चालवा हो, वाजवा, तेल द्या. शकुंतलाबाई पुन्हा दांडी लोटते आहे. थांबा, मलाही आतून जोर लावू द्या.