फोडी न्हाईत, नुसता रस्सा

मी एक जुनं पितळी पातेलं आहे, मित्रांनो, मटणाचं. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुरे. बुधवार आणि रविवार माझे हक्काचे. मला उकळी फुटली की शेजारीण वासावरूनच विचारायची, "शालूबाई, पावणं आल्यात व्हय?" माझा तोरा काय सांगू!

शालूबाईंचे यजमान बाळासो पन्नाशीतच हृदयविकारानं गेले. गेल्या वर्षी त्यांच्या सव्वीस वर्षांच्या मुलानं, ऋतुराजनं, रक्त तपासून घेतलं, तर कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी वडिलांची आठवण करून दिली. पोरानं मटण सोडलं.

मग घरात एक टीचभर स्टीलची कढई आली. मटकी, डाळ, पालक, सगळं तिच्यात. ऋतुराज बोटं चाटून म्हणायचा, "आई, झकास झालंय की!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कालची पोरगी ती, कल्हई म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का हिला?

धाकट्या लेकीसाठी, क्रांतीसाठी, रविवारी मटण शिजायचंच. शालूबाई ऋतुराजच्या पुढ्यात वाटी सरकवायच्या. "घे रं. फोडी न्हाईत, नुसता रस्सा हाय. त्येला काय हुतंय?"

"फोडी न्हाईत न्हवं? मग वाढ की!"

वाटीवर तेला-चरबीचा लालभडक कट तरंगायचा. सगळी चरबी रश्श्यात उतरते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी कढईकडे बघून मनात म्हणायचं, बघ, पोरगा अजून माझाच आहे!

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल तसूभरही उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर रश्श्याचं बिंग फुटलं. शालूबाई घरी आल्या आणि माझ्यासमोर मटकन बसल्या. "त्येंच्या माघारी पोरालाबी माझ्याच हातानं ह्ये इख घातलं की गं बाई!" त्या रडल्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्यांनी मला लख्ख घासून फळीवर पालथं घातलं. पुढचे तीन महिने फक्त कढई. नुसत्या शाकाहारात बी-ट्वेल्व्ह कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी तेही तपासून गोळ्या दिल्या. परवा नवा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल उतरलं होतं. शालूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या आणि त्यांनी कढईवरून मायेनं हात फिरवला.

खोटं कशाला बोलू? मी जळलंच. मित्रांनो, जीव लावलेल्या माणसाला वाढताना वाटीत काय जातंय ते नीट बघा. आणि ऋतुराज जेवायला बसला की मला पालथंच राहू द्या.