सहा डिसेंबरच्या मेणबत्त्या

अमेरिकेतल्या शॉमबर्गला डिसेंबर लागला की साडेचारलाच दिवस मावळतो. समोरच्या घरवाल्याने गुलाबाची झुडपं गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. काकडलेली म्हातारी माणसं ओळीने बसावीत तशी ती दिसत. नाताळच्या माळांनी झाडन्झाड उजळलं होतं आणि आभाळ मात्र राखेचं.

यंदा लेकाकडे आलेल्या रमाबाई पांढरं लुगडं नेसल्या. खिडकीपाशी बाबासाहेबांचा फोटो मांडून त्यांनी पुढे दोन मेणबत्त्या लावल्या. चाळीस वर्षांपूर्वी बाबासाहेब गेल्याची बातमी नागपुरात आली, तेव्हा त्यांच्या आईने चूल पेटवली नव्हती. तेव्हापासून या दिवशी एकटीने वंदना म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आज लेक लवकर येऊन शेजारी बसणार होता. एवढीच आस.

देवानंद आला तो घाईतच.

"आई, ऑफिसची ख्रिसमस पार्टी आहे. अरुण पिकअप करायला येतोय." तो अडखळला. "फोटो आतल्या खोलीत ठेवू का?"

"अरुण म्हणजे तो पुण्याचा?"

"हो. मॅनेजर आहे माझा. तोंडावर कुणी काही बोलत नाही गं, पण कळलं की वागणं बदलतं. आणि जानेवारीत माणसं काढणार आहेत."

त्याने बाहीने काच पुसली, फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि आत नेला. मेणबत्त्या रिकाम्या जागेपुढे जळत राहिल्या. रमाबाईंच्या ओठांवर आपसूक ओवी आली:

शेजीच्या गं अंगणात झाडं दिव्यांची झाली
माझ्या भीमाची सावली आतल्या खोलीत नेली

तेवढ्यात अरुण आला.

"नमस्कार काकू. काय रे देवानंद, आमच्याकडे अजून ट्रीचा पत्ता नाही यार, आणि तुमच्या मेणबत्त्यासुद्धा लागल्या?"

देवानंद हसला. "आईला हौस."

रमाबाई लेकाकडे बघत राहिल्या. अरुण गाडी गरम करायला बाहेर गेला. देवानंद खाली बसून बुटाची लेस बांधू लागला.

"त्याच्यापुढे मी काही बोलेन, असं वाटलं तुला?" रमाबाईंनी विचारलं.

"हो."

"मी तू बोलशील म्हणून थांबले होते, देवा."

बाहेर हॉर्न वाजला. त्याने मान वर केली नाही. "जेवून घे. माझी वाट बघू नकोस," म्हणाला आणि गेला.

दार लावून रमाबाई तिथंच उभ्या राहिल्या, हात जोडले. "बुद्धं सरणं गच्छामि." सवयीने थांबल्या, दरवर्षी नागपुरात या ओळीनंतर सगळी वस्ती मागून म्हणायची.

मग ती ओळ त्यांनीच पुन्हा म्हटली.